वळणावरची पट्टी

आमच्या घरात कुठलीही वस्तू जागेवरून हलवायची नाही असा कायदा होता, आणि तो मोडणारी मी एकटीच होते. पाण्याचा गुंड चुलीच्या उजव्या अंगाला, पाट भिंतीला उभे, केरसुणी दाराआड, कंदील खुंटीला. आईला नीटनेटकेपणाची फार हौस होती अशातला भाग नाही. कायदा वेणूआत्यासाठी होता. वेणूआत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. लग्नानंतर दोनच वर्षांत तिचा नवरा वारला, तेव्हा बाबांनी तिला आमच्या गावी, सिंदीला आणलं, नॉर्मल म्हणजे मास्तरकीची परीक्षा पास करवून मास्तरीण केलं, आणि गावातल्या मुलींच्या शाळेत तिने बरीच वर्षं शिकवलं. मग तिचे डोळे गेले. ते एकदम गेले नाहीत. आधी संध्याकाळचं दिसेना, मग बाजूचं दिसेना, मग फळ्यावर स्वतः लिहिलेलं दिसेना. नागपूरच्या डॉक्टरांनी डोळ्यांमागच्या नसा सुकत चालल्याचं सांगितलं आणि कसल्याशा गोळ्या लिहून दिल्या. मी तेरा वर्षांची झाले तोवर तिला उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं.

घरात मात्र तिला आंधळी म्हणायची कुणाची छाती नव्हती. तुरीची डाळ निवडायला बसली की खडा आईच्या आधी तिला सापडे. भाकर तव्यावर फुगली की चुलीपासून चार हातांवर बसून ती सांगे, "वहिनी, उलटवा, खालून लागते." जवसाच्या चटणीत तिखट जास्त झालं तर कुटतानाच्या वासावरून ओळखे. आणि दुपारी जेवणं झाली, खरकटं आवरलं, की तिची टकळी सुरू होई. ती टकळी फरशीवर एका पितळी वाटीत फिरे आणि तिचा बारीक, न थांबणारा आवाज घरभर असे. वर्ध्याच्या आसपासच्या आमच्या त्या काळच्या शाळांमध्ये सूतकताई हा विषयच असे. आम्हा मुलींना त्याचा कंटाळा आणि आत्याला त्याचं वेड. तिचा धागा तुटत नसे. माझा वीतभर गेला की तुटे. तशी मी कुठल्याच कामात फार टिकणारी नव्हते, हे आधीच कबूल करून टाकते.

दसऱ्यानंतर एकदा शाळेच्या मोठ्या बाई आमच्याकडे आल्या. आम्ही हेडमास्तरणीला मोठ्या बाई म्हणत असू. आईने त्यांना पाट दिला, गुळाचा चहा दिला. बाई इकडचं तिकडचं फार बोलणाऱ्यातल्या नव्हत्या.

"वेणूबाई," त्या म्हणाल्या, "सूतकताईच्या तासाले बाई पाह्यजे. तुमच्या हाताले डोळे लागत नाईत हे मले ठावं आहे. पण वर्ध्याचे साहेब विचारतील, आंधळी बाई येईल कशी, जाईल कशी, वाटेत पडली तर जिम्मेदारी कोनाची. तुम्ही आपल्या पायानं एकट्या या. दिवाळीच्या सुट्ट्या संपल्या की या. मी तुमचं नाव लिहून पाठवते."

बाबा लगेच म्हणाले, "एकटी कायले? मी कामावर जाताना सोडून देत जाईन." बाबा जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधायच्या कारखान्यात, कारकून होते आणि शाळा जिनिंगच्या थोडी पुढेच होती. आई म्हणाली, शकू सोडील, तिलाही त्याच शाळेत जायचं असतं. शकू म्हणजे मी. आत्याने टकळी वाटीत आडवी ठेवली.

"दादा, मी काय रुईची गाठ आहे का, उचलून पोचवाले?" ती म्हणाली. "ज्या बाईले हात धरून आनावं लागते तिचं पोट्ट्या काय ऐकतील? मोठ्या बाई बरोबर बोलून राह्यल्या. मी एकटीच येईन."

मोठ्या बाई गेल्या. टकळी तिने पुन्हा उचलली नाही. घर सोडून तिला कुठेच जाता येत नव्हतं याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. डाळ, भाकर, टकळी यांत ती सुखी आहे असं मी धरून चालले होते. त्या दुपारी तिचा चेहरा बघून मला माझी लाज वाटली.

घरापासून शाळा चारशे पावलांवर. आमच्या दारातून बोळ, बोळाच्या तोंडाशी तेलघाणी, तिथून उजवीकडे वळलं की जिनिंगचा मोठा रस्ता. उजव्या हाताला जिनिंगची लांबच लांब भिंत, तिच्यापुढे गाठींचं गोदाम. गोदामाच्या समोर, रस्त्याच्या डाव्या अंगाला, एक पायवाट फुटते आणि ती शाळेत जाते. ते वळण चुकलं तर रस्ता तसाच सरळ उतरत मालधक्क्यावर जाई आणि तिथे रेल्वेचे रूळ होते. गाठी भरायचे डबे दिवसभर पुढेमागे सरकत असत. म्हणजे प्रश्न सगळा त्या वळणाचा होता. पण हे मला कळायला तीन आठवडे लागले, कारण मी आत्याला विचारलंच नाही. मला वाटलं, डोळे मला आहेत, तेव्हा अक्कलही मलाच.

पहिली युक्ती दोरीची. बाबांकडून सुतळीचा मोठा गुंडा मागून आणला, तिपेडी दोर वळला, आणि आमच्या दारापासून बोळाच्या तोंडापर्यंत कमरेच्या उंचीवर ताणला. आत्या हात लावून चालेल, पुढचं पुढे बघू. पहिल्या दिवशी ती चालली. दुसऱ्या दिवशी सकाळी बोळातल्या बायांनी देवाने दिलेली दोरी बघितली आणि तिच्यावर जे जे वाळवायचं राहिलं होतं ते सगळं वाळत घातलं. आत्या निघाली ती आधी कुणाच्या तरी लुगड्यात शिरली, मग लाल मिरच्यांच्या माळेवरून तिचा हात गेला, आणि शेवटी एका ओल्या धोतराला धरून ती उभी राहिली. "शके," ती शांतपणे म्हणाली, "हे धोतर कोनाचं आहे ते पाह्य, अन् मले घरी ने." त्या हाताने तिने चुकून डोळा चोळला होता. तासभर ती पाण्याचे हबके मारत होती आणि आई मला जे बोलत होती ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दुसरी युक्ती जमिनीवरची. फुटक्या कवेलूचे, म्हणजे कौलांचे, तुकडे गोळा केले आणि बोळाच्या मधोमध मातीत उभे रोवले, बोटभर वर येतील असे. पायाला लागतील आणि वाट सांगतील. तीन दिवस माझे गुडघे सोलून निघाले. पण दिवाळी तोंडावर आली होती. धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी बोळातल्या झाडून सगळ्या बाया शेणाच्या बादल्या घेऊन बाहेर पडल्या. आपापल्या दारापुढचा कचरा उपटून, जमीन चोपून, आरशासारखं सारवून मोकळ्या झाल्या. आमच्या दारापुढचे तुकडे तर आईनेच काढले. "सणासुदीचं दारात खापरं कायले?" असं म्हणाली, आणि मी रडायला लागले तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं.

आता रेल्वे स्टेशनांवर पिवळ्या, उंचवट्याच्या फरशा बसवलेल्या असतात. त्या अंधांच्या पायांना आणि काठीला वाट सांगायला असतात, पण बहुतेकांना शोभेच्या वाटतात. मागे एका स्टेशनावर त्या फरशांवर चहावाल्याने आपल्या पेट्या रचलेल्या मी बघितल्या. माझ्याबरोबर, पुढे मी ज्या अंधशाळेत शिकवलं, तिथला एक जुना विद्यार्थी होता. त्याची काठी पेटीवर आपटली. तो हसला, मीही हसले. मला ते ओलं धोतर आठवलं. चहावाल्याला मी काही बोलले नाही. त्या फरशा कशासाठी आहेत हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि आमच्या बोळातल्या बायांनाही मी काही सांगितलं नव्हतं.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आत्याने मला समोर बसवलं. आपल्या जुन्या लुगड्याची चिंधी घेतली आणि माझे डोळे आवळून बांधले. "चाल," म्हणाली, "आता तू आंधळी, अन् मीही आंधळी. पाहू कोन पहिले पडते." आम्ही दोघी बोळातून निघालो. मी दहा पावलांत भिंतीला जाऊन धडकले. ती माझ्या खांद्यावर हात ठेवून चालत होती आणि सांगत होती. हितं जमीन उतरते, म्हंजे मोरी आली. हितं गार लागते, म्हंजे दोन घरांच्या मधली फट. हा पेंडीचा वास, घाणी. आता ऊन उजव्या गालावर आलं, म्हंजे मोठा रस्ता लागला. मी तेरा वर्षं त्या बोळातून जात येत होते आणि यातली एकही गोष्ट मला माहीत नव्हती.

"मले रस्ता ठावा आहे," घरी आल्यावर ती म्हणाली. "सारा रस्ता काऊन सांगते तू मले? मी वळाचं कुठी, तेवढं सांग."

पुढे तीस वर्षं मी हेच काम केलं. नागपूरच्या एका शाळेत अंध मुलांना एकटं चालायला शिकवलं, त्यांच्यासाठी काठ्या बनवल्या, जिन्यांना, दारांना, वळणांना खुणा केल्या. त्या तीस वर्षांत नवीन शिक्षक आले की मी त्यांना आत्याचं हे एक वाक्य सांगत असे आणि त्यांतले निम्मे तरी तोंड वाकडं करत. त्यांनाही सगळा रस्ता सांगायची हौस असे.

काठी मिळाली ती डोमाजीमुळे. डोमाजी जवळच्या खेड्यातला शेतकरी. कापूस घेऊन जिनिंगला येई आणि बाबांची ओळख म्हणून आमच्या ओट्यावर टेके. त्या दिवशी जिनिंग कधी सुरू होणार हे विचारायला आला होता आणि त्याने आपली तुतारी, म्हणजे बैल हाकायची काठी, दाराशी उभी करून ठेवली होती. तोवर आत्या माझ्या आजोबांची सागवानी काठी वापरून बघत होती. ती जड, आखूड, वर चांदीची मूठ. तिच्यावर भार द्यावा लागे आणि आत्या वाकून चाले, म्हातारीसारखी. चाळिशीही न ओलांडलेल्या बाईला ते कसं आवडेल? दारातून बाहेर पडताना तिचा हात तुतारीला लागला. तिने ती उचलली, तोलली, आणि पुढे जमिनीवर टेकवली. टेकवली म्हणजे नुसती शिवली.

"हे काय आहे? लय हलकं आहे."

"तुतारी हाय बाई," डोमाजी म्हणाला. "पोकळ वेळूची. बैलाले मारत नाई मी, नुसती लावतो. त्याले समजते."

आत्याने ती ओट्यावर, पायरीवर, मातीत, गोठ्यातल्या दगडावर वाजवून बघितली. पोकळ वेळू प्रत्येक ठिकाणी वेगळा बोलत होता. तिच्या छातीपर्यंत येणारी ती काठी दोन पावलं पुढचं सांगत होती, आणि तिला वाकावं लागत नव्हतं. डोमाजीने टोकाचा खिळा उपसून काढला, त्या जागी लोहाराकडून लहानसं लोखंडी कडं बसवून आणलं, आणि म्हणाला, "बैलाईसाठी मी दुसरी करीन." काठी छातीपर्यंत असावी, हलकी असावी, तिच्यावर टेकायचं नसून तिने पुढचं चाचपायचं असतं, हे मी फार नंतर पुस्तकांत वाचलं. दूरदेशीच्या लोकांनीही ते शोधून काढलं होतं म्हणे. काढलं असेल. आमच्याकडे ते बैलांच्या पाठीवरून आलं.

वळणाची खूणही आम्ही शोधली. पायवाट जिथे फुटते तिथे एका शिंप्याचं घर होतं आणि तो ओसरीत दिवसभर मशीन चालवे. मशीनची खडखड डाव्या कानाला अगदी जवळ आली की डावीकडे वळायचं. सुट्टीचे उरलेले सगळे दिवस आम्ही तो रस्ता केला. आधी मी पुढे, मग बरोबर, मग दहा पावलं मागे. शेवटचे तीन दिवस ती एकदाही चुकली नाही. मी गावभर सांगत सुटले. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं.

आणि आम्हा शहाण्यांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही, की जिनिंग बंद होतं.

ही चूक आमच्याच गावची माणसं करू शकतात. बाबांची हयात त्या जिनिंगमध्ये गेलेली. हंगाम सुरू झाला की तीन-चार महिने गावात माणसं एकमेकांच्या कानाशी ओरडूनच बोलत. आवाजाची इतकी सवय, की तो असतो याचीच आम्हाला आठवण राहत नसे. शाळा उघडली त्या गुरुवारीच मशीनची पूजा झाली, नारळ फुटला, भोंगा झाला. आत्याने पांढरं स्वच्छ लुगडं नेसलं होतं. आईने तिच्या हातावर दही घातलं. मी दहा पावलं मागून येणार, पण काही झालं तरी बोलणार नाही, असं तिने माझ्याकडून वचन घेतलं होतं.

बोळ तिने सरळ पार केला. घाणीपाशी उजवीकडे वळली. आणि मोठ्या रस्त्यावर पाय ठेवला तशी ती थबकली. जिनिंगच्या घरघराटात दुसरं काही ऐकूच येत नव्हतं. भिंतीच्या कडेने कापसाने भरलेल्या बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची, रांग लागलेली, बैल सोडलेले, माणसं ओरडत असलेली. रस्त्यावर रुईचा पांढरा थर पसरला होता. त्यावर काठी पडली की आवाजच होत नव्हता. मी मागे उभी राहून बघत होते. तिने मान जरा वर केली आणि चालू लागली. बंड्यांना काठी लावत, त्यांच्या बाहेरून, हळूहळू. शिंप्याचं घर आलं. मशीन चालू होतं, मला त्याचे पाय हलताना दिसत होते. आत्या त्याच्यासमोरून सरळ पुढे गेली.

मी वचन पाळलं. चाळीस पावलं पाळलं. रस्ता उताराला लागला, खाली मालधक्क्यावर एक डबा माणसं ढकलत होती, आणि आत्या त्याच दिशेने, पाठ ताठ ठेवून, जात होती. तेव्हा मी ओरडले. ओरडलेलं माझं मलाच ऐकू आलं नाही. मग मी धावले आणि तिला मागून कवेत धरलं. तिने माझा चेहरा चाचपला, माझ्या गालावरचं पाणी तिच्या हाताला लागलं, आणि मग तिने आपला हात माझ्या हातात दिला. मी तिला शाळेत नेलं.

मोठ्या बाई दाराशीच उभ्या होत्या. आमचे धरलेले हात त्यांना दिसले. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "वेणूबाई, सोमवारी कागद वर्ध्याले जाते," त्या म्हणाल्या. "सोमवारी घंटेच्या आत एकट्या आल्या तर तुमचं नाव लिहिते. नाईतर जागा रिकामी म्हणून लिहा लागते मले."

त्या दिवशी आत्या जेवायला बसली. आईने मुद्दाम तिच्या आवडीची आंबाडीची भाजी केली होती, ज्वारीच्या कण्या घालून, वरून लसणाची फोडणी. तिने अर्धी भाकर खाल्ली आणि ताट सरकवलं. मला वाटलं, माझ्यावर रागावली आहे, आणि मला ते बरोबरच वाटलं. हात धुताना ती म्हणाली, "तू धावली ते बरं केलं, शके. पण आज शाळेत मी गेलीच नाई. तू गेली, अन् मले घेऊन गेली." ती मोठ्याने रडली असती तर मला एवढं लागलं नसतं.

दोन दिवस घरात टकळी वाजली नाही. रविवारी सकाळी तिने काठी घेतली आणि मला म्हणाली, "मले त्या आवाजापाशी ने." हंगामात जिनिंगला रविवार नसे. मी तिला मोठ्या रस्त्यावर नेलं. तिने माझा हात सोडला आणि बंड्यांच्या मधून भिंतीला तळहात लावून पुढे पुढे जाऊ लागली, कान देत, मधेच थांबत, पुन्हा मागे येत. बंडीवाले बघत होते. कुणीतरी हसलं. डोमाजीची बंडीही रांगेत होती. तो उतरून आमच्यामागून चालू लागला आणि हसणारे गप्प झाले.

गोदाम लागलं तशी आत्या थांबली. चार पावलं मागे गेली, चार पावलं पुढे आली. पुन्हा तसंच केलं. मग माझ्याकडे तोंड करून म्हणाली, "हितं आवाज पडते."

तिने मला डोळे मिटायला लावले आणि चार पावलं मागेपुढे चालवलं. खरंच होतं. गोदामाच्या कोपऱ्यापर्यंत घरघराट अंगावर येत होता आणि कोपरा ओलांडला की कुणीतरी दार लोटून घ्यावं तसा तो मागे राहत होता, फक्त शिंप्याचं मशीन ऐकू यावं इतका नाही. शाळेत हंगामातही जिनिंगचा आवाज कमी येतो हे आम्हा सगळ्या मुलींना माहीत होतं. का कमी येतो, हे कुणी विचारलं नव्हतं. बाबांना सांगितलं तर ते कपाळाला हात लावून म्हणाले, "गोदामात गाठी छतापर्यंत रचल्या राह्यतात. त्या आवाज खाऊन घेतात. इतकी वर्षं झाली मले तिथी, माह्या ध्यानात नाई आलं!"

त्या कोपऱ्यापासून वळण बरोबर बारा पावलांवर होतं. पण बारा पावलं मोजून रस्ता ओलांडायचा, मधे एखादी बंडी आडवी आली की मोजदाद चुकणार. वळणावर अशी एक खूण हवी होती, जी रुईखाली दडली तरी बोलेल. हे सुचलं बाबांना. गाठी आवळायच्या लोखंडी पट्ट्या असतात, त्यांतल्या तुटक्या पट्ट्यांचा ढीग जिनिंगच्या मागे पडलेला असे. मॅनेजरला विचारून त्यांनी दोन पट्ट्या आणल्या. पायवाटेच्या तोंडाशी, जिथून बंड्या जात नाहीत अशा जागी, डोमाजीने हातभर चर खणला. मी पट्ट्या मातीत दाबून बसवायला निघाले तशी आत्या म्हणाली, "भरू नको. खाली पोकळ राहू दे. भरलेलं भांडं वाजते का?" मग चराच्या दोन्ही कडांना लाकडाचे ओंडके पुरले, त्यांवर पट्ट्या ठोकल्या आणि मधली जागा मोकळी ठेवली. काठीचं कडं पट्टीवर पडलं तसा एक स्वच्छ, लांबलेला आवाज झाला. आत्याने पुन्हा वाजवून बघितलं. "कानाले नाई आला तरी हाताले येते," ती म्हणाली.

आणि मग तिने ते केलं जे मला तीन आठवडे सुचलं नव्हतं. शिंप्याच्या घरी गेली, त्याच्या बायकोला बाहेर बोलावलं, तिचा हात धरून पट्टीवर ठेवला. "बाई, हे माह्या वळनाचं आहे. सारवजो नको, झाकजो नको." शिंप्याची बायको म्हणाली, "मी रोज सकाळी यावरची रुई झाडून ठेवीन वो मास्तरीणबाई." दोन वर्षांत त्या नावाने तिला कुणी हाक मारली नव्हती. आत्या लगेच पाठ फिरवून चालू लागली, आणि मला कळलं की तिला आपला चेहरा दाखवायचा नव्हता.

सोमवारी सकाळी तिने मला स्पष्ट बजावलं. "तू माह्या मागं येऊ नको. पुढंही राहू नको. आधीच जाऊन आपल्या वर्गात बस. अन् खिडकीतून पाहू नको. तू पाहून राह्यली की मले ते पाठीवर समजते."

मी जाऊन बसले. माझा वर्ग पायवाटेच्या बाजूला होता आणि माझी जागा खिडकीजवळ होती. इतके दिवस त्या जागेसाठी मी भांडले होते आणि आज ती मला नकोशी झाली होती. मी पाटीकडे बघत होते. मुली येत होत्या, जात होत्या. मोठ्या बाई व्हरांड्यात फेऱ्या घालत होत्या, आणि त्याही रस्त्याकडे बघत होत्या. जिनिंगचा घरघराट लांबून, कमी होऊन येत होता. घरून ती आता निघाली असेल. आता घाणी. आता बंड्या. मी मनात तिची पावलं मोजत होते आणि माझी मोजणी कितीदा तरी संपली, ती आली नाही. एखादी बंडी आडवी आली असेल. रुईवरून पाय घसरला असेल. शिंप्याची बायको झाडायला विसरली असेल. मालधक्क्याकडून इंजिनाची शिटी ऐकू आली आणि मी पाटीची कड इतकी घट्ट धरली की बोटाला वळ उठला. शिपाईण घंटेपाशी जाऊन उभी राहिली.

तेव्हा तो आवाज आला. स्वच्छ, लांबलेला, एकदाच. मग थोडी शांतता. आणि मग वेळूची टकटक, घाई नसलेली, पायवाटेने शाळेकडे येणारी.

मला राहवलं नाही. मी उठले, खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर झुकले. पांढऱ्या लुगड्याला रुई चिकटलेली, कपाळावर घाम, पाठ ताठ, आणि पुढे ती लांब काठी. बरोबर कुणी नव्हतं. मागेही कुणी नव्हतं. ती माझ्या खिडकीपाशी आली, थांबली नाही, मान वळवली नाही, आणि जाता जाता, वर्गातल्या सगळ्या मुलींना ऐकू जाईल अशा आपल्या जुन्या शाळेच्या आवाजात म्हणाली, "शके, मान आत घे. अन् टकळी काढ. पहिला तास माहा आहे."